वाडीतल्या बाईचं वय

खाचोळे, वसई
१८ जानेवारी २०२५

ती. वसुताईस,
देवाचा नमस्कार.

डबा उघडायच्या आधी हे वाच. नाहीतर तू सवयीप्रमाणे आधी डबा उघडशील आणि मग मला शिव्या घालशील. डब्यात एका बाईची बरगडी आहे आणि एक दाढ. तुझ्या प्रयोगशाळेत असल्या गोष्टींचं वय काढतात, म्हणून लखनौपर्यंत पाठवतोय. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू नुसतं ‘हं’ म्हणतेस आणि त्या ‘हं’चा अर्थ लावण्यात माझा आठवडा जातो.

हे गाव ख्रिस्ती आहे. इथे फिलोमिना लोपीस म्हणून एक बाई आहेत, सगळे त्यांना फिलोबाय म्हणतात. त्यांची मोगऱ्याची वाडी. फुलं पहाटे दादरला जातात, त्यावर त्यांचं घर चालतं. वाडीच्या कडेला विहिरीचा गाळ काढताना एक दगड लागला, त्यावर क्रूस कोरलेला. त्याखाली कबर. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, हात छातीवर जोडलेले. शेवटच्या दिवशी उठून बसली की तोंड उगवतीकडे व्हावं, अशी रीत. सोबत दागिना नाही, भांडं नाही. जवळच आणखी कबरी आहेत आणि त्यांना लागून माणसं राहायची ती वस्तीची जागा. चूल, सारवलेली जमीन, खापरं. म्हणजे ताई, नुसती मेलेली नाही, जगलेली माणसं सापडलीत.

आता प्रश्न एकच. पोर्तुगीज इथे सोळाव्या शतकात आले. जुन्या प्रवाशांनी त्याच्याही आधी या किनाऱ्यावर ख्रिस्ती लोक पाहिल्याचं लिहून ठेवलंय, पण हातात धरून दाखवता येईल असा पुरावा कुणाकडे फारसा नाही. ही बाई त्या आधीच्यांतली असेल तर?

चर्चच्या फादरनी परवानगी देताना अट घातलीय. तपासून जे उरेल ते परत आलं पाहिजे. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, ते पुन्हा पुरायचं. मी शब्द दिलाय, तेव्हा जपून खर्च कर.

तुझा,
देवा


इंदिरा नगर, लखनौ
३ फेब्रुवारी

चि. देवास,
अनेक आशीर्वाद.

डबा मी आधीच उघडला होता. शिव्याही घालून झाल्या. कापसात गुंडाळलेलं हाड बिस्किटांच्या पुड्यात कोण पाठवतं रे? आमच्या स्टोअरवाल्या भैयांनी पावती करताना ‘एक पैकेट बिस्किट’ असंच लिहिलं.

बरगडी बरी आहे. थोडा तुकडा पुरेल. दाढ मी ठेवून देते, लागलीच तर. नमुना इथे तयार होईल, मोजणी दिल्लीच्या यंत्रावर. नायट्रोजन मोजायचं आमचं यंत्र मात्र बंद पडलंय, आणि त्याचा सुटा भाग परदेशातून कधी येईल ते देवच जाणे.

एक सांग, ही माणसं काय खात होती? चौकशी म्हणून विचारत नाही, वय काढायला लागतं. समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळात जुना असतो. जन्मभर समुद्रातलं खाल्लेल्या माणसाचं हाड आहे त्यापेक्षा कितीतरी म्हातारं दिसतं आणि मग वजाबाकी करावी लागते. हे तू पोरांना शिकवतोसच. तेव्हा मातीत काय मिळालं ते कळव.

अवनी विचारते, ‘मामा को परमानेंट जॉब मिली क्या?’ मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र हिंदीतच. मी म्हटलं, जूनमध्ये मुलाखत आहे. बारा वर्षं कंत्राटावर शिकवतोयस, आता तरी देव पावो.

वसुताई


खाचोळे
२० फेब्रुवारी

ती. वसुताईस,

घाईत लिहितोय. चुलीच्या राखेत नाचणीचे जळके दाणे मिळालेत. पाटा आहे, वरवंट्याचा अर्धा तुकडा आहे. म्हणजे आपल्या सोलापूरकरांसारखीच भाकरी खाणारी माणसं म्हणायची!

फिलोबाय रोज खड्ड्याच्या काठावर येऊन बसतात. काल त्यांनी एक गोष्ट सांगितली. शाळेत असताना पोरं त्यांना चिडवायची, ‘तुमच्या विहिरीत फिरंग्यांनी पाव टाकला, तुम्ही पाणी प्यालात आणि बाटलात.’ रोज. बाई म्हणाल्या, ‘घरी येऊन मी विहिरीत वाकून बघायचे, पाव दिसतो का.’ आणि त्याच विहिरीच्या गाळातून हा दगड निघालाय. बाईंना किती घाई असेल बघ. मलाही आहे. मुलाखतीच्या आधी आकडा आला तर बरं.

देवा


इंदिरा नगर
७ एप्रिल

चि. देवा,

बस. आधी बस. मग वाच.

तुझी बाई तेराव्या शतकातली आहे. शेवटाशेवटाची, इ. स. १२८०च्या आसपास. पोर्तुगीज येण्याआधी सव्वादोनशे-अडीचशे वर्षं!

मी दोनदा तपासलं. कार्बनचा आकडा हाती आला तेव्हा क्षणभर थबकले होते, कारण तसा आकडा दोन तऱ्हांनी येतो. ज्वारी-बाजरी-नाचणी खाणाऱ्यांचा येतो आणि समुद्रातले मासे खाणाऱ्यांचाही. पण तू नाचणीचे दाणे लिहिले होतेस, आणि मला तर तो आकडा बघताच आपल्या आईच्या परातीतली भाकरी दिसली. नायट्रोजन मोजला की दोन्हींतला फरक लख्ख कळतो. ते यंत्र सुरू झालं की तेही करून टाकू, कागदोपत्री पुरं व्हावं म्हणून. तुझी घाई बघता तोवर थांबत नाही. अहवाल सोबत जोडलाय.

आनंदाच्या भरात मी हज़रतगंजला मेट्रोने गेले आणि येताना मलाई गिलोरीची मिठाई घेऊन आले. तुझे दाजी विश्वजित म्हणाले, ‘कुणाचं लग्न ठरलं?’ म्हटलं, एका सातशे वर्षांच्या बाईचं.

फिलोबायना माझा नमस्कार सांग. आणि हेही सांग की विहिरीत पाव नव्हता.

वसुताई


खाचोळे
२६ एप्रिल

ती. वसुताई,

तू इथे हवी होतीस. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर फादरनी तुझा अहवाल मराठीत सांगितला. एक म्हातारा उठून नुसता टाळ्या वाजवत राहिला. फिलोबाय रडल्या नाहीत. उठल्या, घरी गेल्या, आणि विहिरीच्या कठड्यावर एक मेणबत्ती लावून आल्या.

संध्याकाळी त्यांनी फादरना सांगितलं की वाडी गावाला देऊन टाकते. बाईची कबर तिथे राहील, तिच्याभोवती स्मारक होईल, आणि तिथे कुणी मोगरा वेचायला जाणार नाही. फादर म्हणाले, ‘बाय, घर कशावर चालेल?’ तर म्हणाल्या, ‘सातशे वर्षं ती माझ्या पायाखाली होती, मी तिच्या छातीवर फुलं विकली. आता पुरे.’ पोरगा नालासोपाऱ्याला नोकरीला आहे, त्याच्याकडे जाऊन राहतील.

संत पेत्राच्या सणाला, २९ जूनला, समारंभ. दुसऱ्या दिवशी निबंधक कार्यालयात बक्षीसपत्र. दगड घडवायला दिलाय, त्यावर ‘तेरावे शतक’ असं कोरतील. पाऊस लागायच्या आत, जूनच्या पहिल्या आठवड्यात, वेल काढून जागा सपाट करायचीय.

माझी मुलाखत नऊ जूनला. अहवाल अर्जाला जोडलाय, अगदी वरती.

देवा


इंदिरा नगर
२८ मे

चि. देवा,

इथे उन्हाचा कहर आहे. मलिहाबादचे दशहरी आंबे अजून बाजारात यायचेत, तोवर पन्ह्यावर भागवतोय. अवनीची परीक्षा चालू आहे. विश्वजितची बदली बहुतेक यंदा होत नाही.

मुलाखतीला नीट कपडे घालून जा. तो मळका झब्बा नको. मी चौकातून तुझ्यासाठी पांढरा चिकनचा कुर्ता घेतलाय, पण तो मुलाखतीसाठी नाही, मिळाल्यावर घालायचा.

जाता जाता विचारते. वस्तीच्या थरात मासळीचे काटे वगैरे काही मिळाले होते का? सहज आठवलं म्हणून.

वसुताई


पुणे
१३ जून

ती. वसुताई,

मिळाली! काल पत्र आलं. मुलाखतीत अर्धा वेळ फक्त फिलोबायच्या वाडीवरच प्रश्न होते. एक गृहस्थ तर म्हणाले, ‘तुम्ही आमची पाठ्यपुस्तकं बदलायला लावणार.’ कुर्ता पाठव.

काट्यांचं विचारलं होतंस. कोकण आहे ताई, थोडेफार असायचेच. त्याचं काय एवढं.

खाचोळ्याला मागच्या आठवड्यात मोगऱ्याचे वेल खणून काढले. मी मुलाखतीच्या तयारीत होतो, गेलो नाही. फिलोबायनी फोनवर सांगितलं. म्हणाल्या, मुळं फार खोल होती, दोन गडी दमले.

त्यांनी तुला विचारलंय, हाडांवरून ती बाई दिसायला कशी असेल ते कळतं का.

देवा


इंदिरा नगर
२१ जून

देवा,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून तसंच लिहितेय.

ती बाई दिसायला कशी होती ते मला सांगता येत नाही. काय खात होती ते सांगता येतं. मासे. जन्मभर, जवळजवळ रोज. नाचणी असेल तोंडी लावण्यापुरती.

नायट्रोजनचं यंत्र मे महिन्यात सुरू झालं. २१ मे रोजी तिचा आकडा आला. भाकरी खाणाऱ्याचा इतका वर जाऊच शकत नाही. खात्री म्हणून पुन्हा लावला, तोच आला. मग बसून वजाबाकी केली. देवा, ती तेराव्या शतकातली नाही. ती पंधराव्याच्या मध्यापासून सतराव्याच्या सुरुवातीपर्यंत कुठलीही असू शकते. त्या काळात कार्बनच्या हिशेबाचा असा घोळ आहे की यापेक्षा बारीक सांगता येत नाही. फिरंगी येण्याआधीची असेल, नंतरचीही असेल. आपल्याला माहीत नाही. हेच खरं उत्तर आहे आणि हेच मी एप्रिलमध्ये द्यायला हवं होतं.

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या बाईचं हाड माझ्या हातात होतं आणि मला भाकरी दिसली. कारण आपल्या घरात भाकरी होती आणि मासा नव्हता. इतकं सरळ आहे ते. कुणा विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

पण ती चूक झाली. त्यानंतर जे केलं ती चूक नव्हे. २१ मेला मला कळलं आणि २८ मेला मी तुला आंब्यांबद्दल पत्र लिहिलं. तुझी मुलाखत तोंडावर होती. म्हटलं, नऊ तारीख जाऊ दे, पोराला मिळू दे, मग सांगू. स्मारक काय, थांबवता येईल. वेल पहिल्या आठवड्यात निघणार हे तू लिहिलं होतंस. मी ते वाचलं होतं. तरी मी नऊ तारीख धरून बसले. तुझं पत्र आलं, ‘मुळं फार खोल होती’, तेव्हापासून मला घास जात नाही. विश्वजित विचारतात काय झालं, मी म्हणते उन्हाळा बाधलाय.

फोन तीनदा हातात घेतला. तुझा आनंदी आवाज ऐकला की मी पुन्हा आंब्यांवर येईन, म्हणून हे स्पीड पोस्टाने. नवा अहवालही जोडलाय, सही करून. २९च्या आत फिलोबायना सांग. वेल गेले, निदान वाडी तरी राहू दे. आणि तुझ्या निवड समितीला मी स्वतः कळवते. चूक माझी आहे असंच लिहीन.

वसुताई


पुणे
५ जुलै

ती. वसुताई,

तुझं पत्र मला २५ जूनला मिळालं. आज पाच जुलै आहे. त्यावरूनच तुला कळलं असेल.

समितीला लिहिताना ‘चूक माझी’ असं एकटीचं लिहू नकोस. काट्यांची एक अख्खी पिशवी माझ्याकडे आहे. पहिल्याच महिन्यात निघाली, चुलीच्या बाजूला, त्याच थरात. तू विचारलंस तेव्हा ती माझ्या टेबलाखाली होती. मी तुला नाचणी लिहिली आणि काटे लिहिले नाहीत. मला माहीत होतं काटे लिहिले तर काय होईल. वर्गात तेच शिकवतो. मनाला सांगितलं, काटे नंतरचे असतील, वरून पडले असतील. आणि तू मला फसवलं नाहीस ताई, मी तुला फसवलं, आणि तू माझ्यासाठी गप्प बसलीस. आपली जोडी छान जमली.

२९ला मी खाचोळ्याला गेलो. तुझं पत्र खिशात होतं. ठरवून गेलो होतो की मिस्साच्या आधी सांगायचं. पण फिलोबाय नवं लुगडं नेसून दारात उभ्या होत्या. म्हटलं, समारंभ होऊ दे. समारंभात त्यांनी मला पुढे बोलावलं, शाल दिली. मी घेतली. सोमवारी निबंधक कार्यालयात साक्षीदार म्हणून मी होतो. बाईंनी सही केली, खाली मी केली. तेव्हाही पत्र खिशातच होतं.

बुधवारी दगड आला. त्यांनी माझा हात धरून ‘तेरावे शतक’ या अक्षरांवरून बोट फिरवायला लावलं. तेव्हा मला राहवलं नाही आणि मी बोललो.

त्या ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, ‘ती आमची नाही का मग?’ मी म्हटलं, ‘ख्रिस्ती होती, इथलीच होती, एवढं नक्की. केव्हाची, ते सांगता येत नाही.’ 

‘मग तेरावं शतक कोणी सांगितलं?’

‘आम्ही.’

‘चूक आहे हे कधी कळलं?’

मी खोटं बोलणार होतो. ‘परवा’ हा शब्द अगदी तोंडात होता. पण म्हटलं, ‘मला आधीपासून शंका होती. ताईला मे महिन्यात कळलं.’

त्यांनी सपाट केलेल्या जागेकडे बघितलं. मग म्हणाल्या, ‘मे महिन्यात वेल उभे होते.’

एवढंच. आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मी विद्यापीठाला कालच सगळं लिहून कळवलंय, पिशवीसकट. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. शाल इथे खुर्चीवर पडलीय. ती घडी करून ठेवायचंही धाडस होत नाही.

देवा


खाचोळे, वसई
७ सप्टेंबर

वसुधाबाई यांना,
फिलोमिना लोपीस हिचा नमस्कार.

तुमचा पत्ता देवदत्तकडून घेतला. तो इकडे दर रविवारी येतो. ओट्यावर बसतो, मी चहा देते, तो जातो. जास्त बोलणं होत नाही.

तुमचं पत्र पोचलं. माफी मागितली आहे तुम्ही. त्यावर मी काय लिहायचं ते मला ठरवता आलं नाही, म्हणून उत्तराला उशीर झाला.

फादर म्हणाले, बाय, वाडी परत घ्या, गावाची हरकत नाही. मी नाही म्हटलं. घेऊन काय करू? माझ्या सासूने लावलेले वेल होते ते. मला नवे लावायला सांगता, पण माझं वय तुम्हाला माहीत नाही. तुमच्याकडे हाड पाठवलं तर काढाल. मी पोराकडे राहते आता, रविवारी तेवढी मिस्साला इकडे येते. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. फुलांचा वास नाही म्हणून पहाटे जागच येत नाही, उशिरा उठते.

तुम्ही लिहिलं की ती बाई फिरंग्यांच्या आधीची की नंतरची हे सांगता येत नाही. मी त्यावर पुष्कळ विचार केला. मला राग याचा नाही. तुम्हाला नसेल येत सांगता. माझ्या आईलाही तिची जन्मतारीख सांगता येत नव्हती. राग याचा आहे की तुम्हाला सांगता येत नव्हतं आणि तुम्ही सांगितलंत. मग सांगता आलं तेव्हा सांगितलं नाहीत. शाळेतली पोरं तोंडावर बोलायची. तुम्ही तोंडावर माझं भलं केलंत आणि मागे हे लपवलंत.

दगडाचं असं झालं. पाथरवटाला म्हटलं, ‘तेरावे शतक’ खरवडून टाक. तो म्हणाला, खड्डा राहील. म्हटलं राहू दे. आता तिथे खड्डा आहे. त्यात काय कोरायचं ते तुम्ही कळवा. खरं असेल तेवढंच. थोडं असलं तरी चालेल, जागा लहानच आहे.

सोबत सुके बोंबील पाठवते. देवदत्त म्हणाला तुमच्या घरात खात नाहीत. म्हणूनच पाठवते. धुऊन घ्या, मग लसूण आणि लाल मिरचीवर परता, चिंचेचं पाणी घाला, फार शिजवू नका. उपवासकाळात आमच्यात मटण बंद असतं, मासा चालतो. ती बाईही तसंच करत असणार. खाऊन बघा. पुढच्या वेळी हाड हातात घ्याल तेव्हा आठवेल.

तुमची,
फिलोमिना लोपीस


इंदिरा नगर, लखनौ
१९ ऑक्टोबर

फिलोबाय यांना,
वसुधाचा साष्टांग नमस्कार.

पाकीट पोचलं त्या दिवशी पोस्टमननेच ते हातभर लांब धरून दिलं. मी ते उघडलं आणि जिन्यापर्यंत वास गेला. अवनी, माझी मुलगी, कॉलेजातून आली तीच ओरडत, ‘मम्मी, ये स्मेल अपने घर से आ रही है? नीचे मिश्रा आंटी पूछ रही थीं!’ मी म्हटलं, हो, आपल्याच घरातून. ती म्हणाली, ‘फेंक दो ना यार.’

ते पाकीट मी महिनाभर फडताळात ठेवलं. बाहेर टाकवेना आणि शिजवायचा धीर होईना. गेल्या रविवारी तुम्ही लिहिलं तसं केलं. चिंच थोडी जास्त झाली. नवरा आणि मुलगी हज़रतगंजला निघून गेले. मी एकटीने भाताबरोबर खाल्ले. पहिला घास पाण्याबरोबर गिळला. दुसरा गेला. चव चांगली होती हे लिहायला मला लाज वाटते, पण तुम्ही खरं लिहायला सांगितलं आहे. ताटात शेवटी काटे उरले ते मी बराच वेळ बघत बसले. देवाच्या टेबलाखालच्या पिशवीत तसेच आहेत.

मला आलेली चौकशीची नोटीस, देवाची लांबलेली नेमणूक, हे तुम्हाला सांगून तुमची कीव मागायची नाही. ते व्हायला हवं होतं आणि होतंय.

बरगडीचा उरलेला भाग माझ्याकडे आहे. दाढ आम्ही फोडली नाही, ती अख्खी आहे. ती फोडून पुन्हा मोजलं तर थोडं अधिक कळेल असं संस्थेत एकाने सुचवलं. मी नाही म्हटलं. तिच्यापासून आम्ही घ्यायचं तेवढं घेतलं. हे दोन्ही मी पोस्टाने पाठवणार नाही. एक नोव्हेंबरला स्वतः घेऊन येते, बिस्किटांच्या पुड्यात नव्हे, चिकनच्या कुर्त्यात गुंडाळून. तो कुर्ता मी देवासाठी घेतला होता. तो आता नको म्हणतो. दुसऱ्या दिवशी, स्मरणदिनाला, तुम्ही परवानगी दिली तर कबरीत माती लोटायला आम्ही दोघं येऊ. नाही म्हणालात तर फाटकाबाहेर उभे राहू.

दगडावर काय कोरायचं ते विचारलंत. मी खूप लिहून खूप खोडलं. जे उरलं ते असं:

‘इथे एक ख्रिस्ती बाई पुरली आहे. ती याच किनाऱ्याची. समुद्राने तिला पोसलं. तिचा काळ आम्हाला माहीत नाही.’

याच्या पलीकडे खरं असं माझ्याजवळ आणखी एकच वाक्य आहे. ते दगडावर कोरायचं नाही, पण तुम्ही म्हणालात तर तेही कोरा, खाली माझं नाव घालून. मे महिन्यात वेल उभे होते, आणि मला माहीत होतं.

वसुधा